दोन राष्ट्रें आणि एक जंतु

जर्मनीच्या वायव्य भागांत म्युन्स्टर नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथील नगरसभागृहांत लांकडी नक्षीकामानें मढविलेलें एक दालन प्रवाशांना मोठ्या अभिमानानें दाखवितात. सन १६४८ च्या मे महिन्यांत स्पेन व डच प्रजासत्ताक यांच्या वकिलांनीं याच शहरांत शपथा घेऊन ऐंशीं वर्षांचें युद्ध मिटविलें आणि नेदरलंड्स, ज्याला आपल्याकडे हॉलंड म्हणण्याची वहिवाट आहे, हें एक स्वतंत्र राष्ट्र असल्याचें स्पेनच्या राजानें कबूल केलें. ज्या शहरांत डच राष्ट्राच्या वेगळेपणावर असें शिक्कामोर्तब झालें, त्याच शहरांतील वैद्यांना पुढें साडेतीनशें वर्षांनीं डच शेजाऱ्यांबरोबर पुन्हां एकदां वाटाघाटीस बसावें लागलें. या वेळीं तंटा मुलुखाचा नव्हता. तो एका जंतूचा होता. त्या वाटाघाटींची हकीगत आमच्या वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांला वाटतें; कारण तिच्यांत वैद्यकाइतकाच मनुष्यस्वभावाचाही इतिहास आहे.

हा जंतु मुळांत कोणी परका नव्हे. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ असें भारदस्त नांव शास्त्रज्ञांनीं त्याला दिलें असलें, तरी दर तीन-चार माणसांमागें एकाच्या नाकांत तो मुकाट्यानें बिऱ्हाड करून असतो, व घरधन्याला त्याची वार्ताही नसते. शस्त्रक्रियेच्या जखमेंत किंवा रक्तांत तो उतरला म्हणजे मात्र त्याचें खरें रूप दिसतें. पेनिसिलीन हातीं आलें तेव्हां हा शत्रु कायमचा नामोहरम झाला असें जगाला वाटलें. पण स्वतः अलेक्झांडर फ्लेमिंग यांना तसें वाटलें नव्हतें. सन १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत त्यांनीं बजावलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेंत औषध घेतल्यास जंतु मरत नाहींत, उलट ते औषधाला सरावतात. (अर्धवट सोडलेल्या गोळ्यांची पाकिटें आमच्याही घरच्या कपाटांत सांपडतात, तेव्हां या बाबतींत दुसऱ्यास उपदेश करण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे.) झालेंही तसेंच. पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या या जंतूसाठीं सन १९५९ मध्यें मेथिसिलीन नांवाचें नवें औषध निघालें, आणि त्याला दोन वर्षें होतात न होतात तोंच, सन १९६१ मध्यें, लंडनच्या कॉलिंडेल येथील प्रयोगशाळेंत पॅट्रिशिया जेव्हन्स या बाईंना मेथिसिलीनलाही दाद न देणारे जंतु आढळले. इंग्रजी आद्याक्षरांवरून या जातीस ‘एमआरएसए’ म्हणतात.

या संकटाशीं दोन शेजारी राष्ट्रांनीं दोन रीतींनीं गांठ घातली. डच लोकांची रीति कडक होती. एमआरएसए असल्याचा संशय असलेला रुग्ण इस्पितळांत आला कीं त्याला आधीं वेगळ्या खोलींत ठेवावयाचें. त्याच्या नाकांतील व घशांतील नमुना तपासावयाचा. तपासणीचा निकाल चांगला येईपर्यंत त्याच्याकडे जाणाऱ्यानें तोंड व हात झांकून जावयाचें. आणि एखाद्या परिचारिकेच्या नाकांत जंतु सांपडला तर तो जाईपर्यंत तिला कामावर येऊं द्यावयाचें नाहीं. जंतु हुडकून काढा आणि त्याचा नायनाट करा, असें या धोरणाचें नांवच पडलें. परिणाम विलक्षण झाला. सन २००५ च्या सुमारास रक्तांत सांपडणाऱ्या या जंतूंपैकीं शंभरांत जेमतेम एक डच देशांत मेथिसिलीनला न जुमानणारा निघे. जर्मनींत हेंच प्रमाण शंभरांत वीसच्या आसपास होतें.

जर्मन वैद्य गबाळे होते असें यावरून कोणीं समजूं नये. त्यांच्याकडे लोकसंख्येच्या मानानें इस्पितळांत दाखल होणारे रुग्ण पुष्कळ अधिक, खाटा भरलेल्या, आणि जंतुशास्त्रज्ञ बहुधा दूरच्या एखाद्या खासगी प्रयोगशाळेंत. नमुना तिकडे जावयाचा आणि चिठ्ठी परत यावयाची. डच इस्पितळांत तोच मनुष्य वरच्या मजल्यावर बसलेला असे, व वाटेल तेव्हां वॉर्डांत येऊन डॉक्टरांशीं वाद घालीत असे. आम्हांला वाटतें, औषधांहून व नियमांहूनही या जिन्यानें डच लोकांचें अधिक संरक्षण केलें असावें.

असो. ज्याचें घर स्वच्छ असतें त्याला शेजाऱ्याच्या अंगणांतील केर लवकर दिसतो. परदेशी इस्पितळांत राहून आलेला रुग्ण म्हणजे संशयित, हा डच नियम होता, आणि सरहद्दीवरील गांवांत ‘परदेश’ याचा अर्थ व्यवहारांत जर्मनी हाच होई. एन्स्खेडे हें डच शहर व ग्रोनाउ हें जर्मन गांव इतकीं लगतचीं कीं, एकांत राहून दुसऱ्यांत नोकरी करणारीं माणसें हजारों. याच ग्रोनाउच्या परिसरांत सन १९५८ मध्यें दोन्ही बाजूंच्या नगरपालिकांनीं ‘युरेगिओ’ या नांवाची एक संयुक्त संस्था काढली होती. महायुद्ध संपून अवघीं तेरा वर्षें झालीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिचें महत्त्व कळतें. पुढें सन १९९५ पासून सीमेवरची चौक्यांची तपासणीही बंद झाली. माणसांना मोकळीक मिळाली. रुग्णाला मात्र सीमा ओलांडतांच वेगळी खोली मिळत राहिली. शेजाऱ्याला आपण रोगाचें उगमस्थान वाटतों ही गोष्ट जर्मनांना बोंचली तर नवल नाहीं.

आणि अशा वेळीं नायमेखेन या डच शहरांत एक लहानशी घटना घडली. सन २००४ च्या जुलैंत तेथील एका इस्पितळांत सहा महिन्यांच्या एका मुलीची छातीची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. शस्त्रक्रियेपूर्वीं नेहमींची तपासणी झाली, तींत एमआरएसए निघाला. मूल कधीं परदेशी गेलेलें नाहीं, मग हा जंतु आला कोठून? आईबापांना तपासलें, त्यांच्याही नाकांत तोच. औषधोपचार करून जंतु घालवावा तर तो पुन्हां येई. प्रयोगशाळेंत जंतूची कुळी ठरविण्याची जी रूढ पद्धति होती तिला तो मुळीं सांपडेचना. ज्या कात्रीनें इतर जंतूंचीं जनुकें कापलीं जात, ती या जंतूवर चालेना. अखेर कुटुंबाचा धंदा विचारांत घेतला गेला. हीं माणसें डुकरें पाळणारीं होतीं.

आन्द्रेआस फॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मग त्या भागांतील सव्वीस वराहपालकांची तपासणी केली. सहा जणांच्या नाकांत एमआरएसए सांपडला. सन २००५ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें नमूद आहे कीं, डच इस्पितळांत दाखल होणाऱ्या सामान्य रुग्णांच्या मानानें हें प्रमाण सातशेंसाठ पटींहून जास्त होतें. डुकराकडून माणसाकडे, बापाकडून मुलाकडे, आणि इस्पितळांत रुग्ण व परिचारिका यांच्यामध्यें जंतु कसा गेला याचा मागही त्यांनीं लावून दाखविला. पुढें कत्तलखान्यांत येणाऱ्या डुकरांची पाहणी झाली, तेव्हां शंभरांत एकोणचाळीस डुकरांच्या नाकांत हा जंतु निघाला. एक कोटीहून अधिक डुकरें बाळगणारा तो देश; आणि आजवर सारी दृष्टि काय ती सीमेपलीकडच्या इस्पितळांवर! ज्या दारावर एवढा पहारा बसविला होता त्याच्या मागच्या बाजूस परसदार उघडेंच होतें.

या फजितीची डच वैद्यांनीं लपवाछपवी केली नाहीं, हें आम्ही त्यांच्या मोठेपणाचें लक्षण समजतों. राष्ट्राचा लौकिक सांभाळण्यासाठीं असा निबंध दाबून ठेवणारे देश थोडे नाहींत. त्यांनीं तो छापला, आणि थोड्याच अवधींत नियमही बदलला: परदेशी इस्पितळांतून आलेल्या रुग्णाप्रमाणेंच डुकरांच्या वाड्यांत काम करणारा आपलाच शेतकरीही यापुढें वेगळ्या खोलींत जाईल. शेतकरीवर्ग यामुळें दुखावला. पण कांहीं वर्षांतच देशांत नव्यानें आढळणाऱ्या एमआरएसएपैकीं सुमारें तिसरा हिस्सा याच कुळीचा निघूं लागल्यावर वादाला जागा राहिली नाहीं. शास्त्रज्ञ या कुळीस ३९८ या अंकानें ओळखतात.

डुकराच्या नाकांत माणसाचें औषध पचविणारा जंतु तयार कसा झाला, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. सन १९४८ ते १९५० च्या दरम्यान अमेरिकेंतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत टॉमस जूक्स व रॉबर्ट स्टोकस्टड हे कोंबड्यांच्या पिलांच्या खाद्यावर प्रयोग करीत होते. ऑरिओमायसीन हें प्रतिजैविक औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा खाद्यांत मिसळला असतां पिलें झपाट्यानें वाढतात असें त्यांना आढळलें. स्वस्तांत मांस मिळण्याची ही युक्ति कोणाला नकोशी होईल? पुढील दहा वर्षांत ती युरोपभर पसरली. इकडे सन १९५९ मध्यें जपानांतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, औषध पचविण्याची विद्या एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. म्हणजे गोठ्यांत शिकलेली विद्या वॉर्डांत उपयोगीं पडते. सन १९६९ मध्यें ब्रिटनमध्यें मायकेल स्वान यांच्या समितीनें यावर तोडगा सुचविला कीं, माणसांसाठीं लागणारीं औषधें वाढीसाठीं म्हणून जनावरांना घालूं नयेत. तोडगा शहाणपणाचा होता, पण त्यांत एक फट राहिली. अ‍ॅव्होपार्सिन नांवाचें एक द्रव्य माणसांस देत नसत, म्हणून तें निर्धोक मानून खाद्यांत घालीत राहिले. वास्तविक व्हॅन्कोमायसीन या अखेरच्या आधाराच्या औषधाचें तें सख्खें भावंड! एकाशीं झुंजण्यास शिकलेला जंतु दुसऱ्यालाही भारी पडतो, ही गोष्ट डेन्मार्कमधील व जर्मनींतील वेर्निगेरोडे येथील संशोधकांनीं एकाच सुमारास उघडकीस आणली. डेन्मार्कनें सन १९९५ मध्यें, जर्मनीनें सन १९९६ मध्यें व सबंध युरोपीय संघानें सन १९९७ मध्यें तें बंद केलें. स्वीडननें तर वाढीसाठीं सर्वच प्रतिजैविकें सन १९८६ मध्येंच बंद केलीं होतीं, आणि ती मागणी तेथील शेतकऱ्यांच्या संघानें स्वतः केली होती. युरोपीय संघाला तेथवर येण्यास सन २००६ ची १ जानेवारी उजाडावी लागली.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें नव्हे. वाढीसाठीं औषध देण्यास बंदी झाली तेव्हां हॉलंडांत तेंच औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, रोगाच्या नांवाखालीं, अधिक खपूं लागलें. सन २००७ मध्यें डच जनावरांसाठीं ५६५ टन प्रतिजैविकें विकलीं गेलीं. ज्या देशांत माणसांचे डॉक्टर औषध लिहितांना सर्व युरोपांत अधिक काटकसर करीत, त्याच देशांत गुरांचे डॉक्टर इतके उदार कसे, हा प्रश्न मग त्यांच्या संसदेंतही निघाला.

आतां म्युन्स्टरकडे वळूं. सन २००५ मध्यें म्युन्स्टर विद्यापीठांतील आलेक्सांडर फ्रीडरिख व एन्स्खेडे येथील रॉन हेंड्रिक्स या दोन जंतुशास्त्रज्ञांनीं सीमेच्या दोन्ही बाजूंच्या इस्पितळांचा एक संघ उभारला. पैसा युरोपीय संघाच्या सीमाप्रदेशासाठीं राखून ठेवलेल्या निधींतून मिळाला. ट्वेंटे हा डच प्रांत व म्युन्स्टरलांट हा जर्मन प्रांत यांच्या नांवानें हा संघ ओळखला जाई. आरंभींची अडचण मोठी गंमतीची होती. दोन्हीकडे जंतु एक, पण त्याला नांवें दोन. कारण कुळी ठरविण्याच्या पद्धति निराळ्या. तुमचा जंतु तोच आमचा जंतु काय, हें सांगणारी भाषाच नाहीं, तर दोष कोणाचा हें कसें ठरणार? सुदैवानें म्युन्स्टरमध्येंच डाग हार्मसन यांनीं जंतूच्या एका विशिष्ट जनुकांतील अक्षरें वाचून त्याला ठराविक क्रमांक देण्याची सोय केली होती. एन्स्खेडेंत वाचलेलें अक्षर म्युन्स्टरांतही तेंच वाचलें जाई. तंटेखोर भाऊबंदांना एकच सात-बारा दाखवावा, तसा हा प्रकार झाला.

त्या उताऱ्यावर जें दिसलें तें दोन्ही पक्षांना सारखेंच अवघड होतें. जर्मन शहरांतील इस्पितळांत ज्या कुळ्या घर करून बसल्या होत्या त्या इस्पितळांतच वाढलेल्या होत्या. त्यांचें खापर कोणा शेजाऱ्यावर फोडतां येण्यासारखें नव्हतें. खेड्यांकडून येणाऱ्या रुग्णांच्या नाकांत मात्र सीमेच्या दोहों बाजूंस ३९८ हीच एक कुळी होती. डच वाड्यांतून डुकरांचीं पिलें दरसाल लाखोंच्या संख्येनें जर्मनींत विकलीं जात. जंतूला प्रवासाचा परवाना वेगळा लागत नव्हता. जर्मनींतून येणाऱ्या रुग्णाला डच लोक वेगळ्या खोलींत ठेवीत होते, आणि डच पिलें मालमोटारींत बसून राजरोस उलट दिशेनें जात होतीं!

पुढचें काम कंटाळवाणें होतें, आणि म्हणूनच तें सांगण्यासारखें आहे. म्युन्स्टरलांटांतील चाळीसांच्या आसपास इस्पितळांनीं दाखल होतांनाच रुग्णांची तपासणी करावयाची. रुग्ण दुसऱ्या इस्पितळांत किंवा वृद्धाश्रमांत गेला तर त्याबरोबर चिठ्ठी द्यावयाची. घरच्या डॉक्टरला कळवावयाचें. ठरलेल्या अटी पाळणाऱ्या इस्पितळास सरकारी आरोग्यखात्याकडून प्रशस्तिपत्र मिळावयाचें. जिल्ह्याजिल्ह्यांत इस्पितळांचे चालक, डॉक्टर, विमा कंपन्या व आरोग्याधिकारी यांच्या बैठका भरूं लागल्या. तपासणीचा खर्च कोणीं सोसावयाचा या एका प्रश्नावर अशा बैठकींतून किती चहाकॉफी संपते, हें आपल्याकडील कोणत्याही संस्थेचा चिटणीस सांगूं शकेल. सन २००९ पासून हेंच काम सबंध डच-जर्मन सीमेवर पसरलें. फ्रीडरिख स्वतः पुढें कांहीं वर्षें सीमा ओलांडून ग्रोनिंगेनच्या डच विद्यापीठांत प्राध्यापक होते. जर्मनींतील रक्तांत सांपडणाऱ्या एमआरएसएचें प्रमाण सन २०१७ पर्यंत शेंकडा दहाच्या खालीं आलें. याचें सर्व श्रेय सीमेवरच्या संघास देणें हा भाबडेपणा होईल, पण त्यांत त्याचा वांटा नाहीं असेंही म्हणवत नाहीं.

गोठ्यांतलें काम याहून कठीण, कारण तेथें पोटाचा प्रश्न येतो. डच लोकांनीं सन २०१० मध्यें एक स्वतंत्र मंडळ नेमलें व प्रत्येक वाड्यांत किती औषध दिलें जातें याची नोंद सक्तीची केली. कोणाचा खप शेजाऱ्यांच्या मानानें किती हें शेतकऱ्याला व पशुवैद्याला दिसूं लागलें, आणि एका वाड्याला एकच पशुवैद्य असें ठरल्यामुळें आज या डॉक्टरकडून, उद्यां त्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणण्याची सोय संपली. सन २००९ च्या मानानें निम्मा खप चार वर्षांत कमी करावयाचा असें सरकारनें ठरविलें होतें. सन २०१३ मध्यें तो निम्म्याहूनही खालीं गेला. जर्मनीनें मोजणी सन २०११ मध्यें प्रथम केली, तेव्हां आंकडा निघाला १,७०६ टन. तो पाहून तेथील लोक हादरले. सन २०१४ मध्यें वाड्यावाड्यांची तुलना करणारा कायदा तेथेंही आला, आणि सन २०२२ मध्यें खप ५४० टनांवर आला होता. जनावरें कांहीं पटापट मेलीं नाहींत. मग तोंवर हीं औषधें दिलीं जात होतीं तीं कोणत्या रोगासाठीं, हें विचारण्याचा मोह आम्हांला आवरत नाहीं.

सन २०१२ मध्यें या कथेला आणखी एक कलाटणी मिळाली. एकोणीस देशांतून गोळा केलेल्या ३९८ कुळीच्या एकोणनव्वद जंतूंचीं जनुकें लान्स प्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं समग्र वाचलीं. त्यांवरून असें दिसलें कीं, ही कुळी मूळची डुकरांची नव्हेच. ती माणसांत होती, आणि तेव्हां ती मेथिसिलीनला शरणही येत होती. माणसाकडून ती जनावरांत गेली, औषधें मिसळलेल्या खाद्यावर तेथें वाढली, टेट्रासायक्लीन व मेथिसिलीन पचविण्यास शिकली, आणि मग माणसाच्या घरीं परत आली. डच लोकांनीं जर्मनांकडे बोट दाखविलें, जर्मनांनीं डच डुकरांकडे. डुकरांना बोलतां आलें असतें तर त्यांनींही कोणाकडे तरी दाखविलेंच असतें.

या ठिकाणीं आपल्याकडील एक प्रसंग आठवल्यावांचून राहत नाहीं. स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या अंगांत, दिल्लीच्या एका इस्पितळांत उपचार घेऊन परतल्यावर, सन २००८ मध्यें जवळजवळ सर्व औषधांस दाद न देणारा जंतु सांपडला. आणि त्याच्या जनुकास संशोधकांनीं ‘न्यू डेल्ही’ हें नांव जोडलें. सन २०१० मध्यें या विषयावरचा दुसरा निबंध इंग्लंडांत छापला गेला, तेव्हां आपल्या संसदेंत व वर्तमानपत्रांत मोठा क्षोभ उसळला. शहराचें नांव रोगास देणें अनुदारपणाचें होतें, हा आपला आक्षेप खरा होता. पण त्या क्षोभाच्या भरांत जंतु आहे कीं नाहीं या प्रश्नापेक्षां त्याचें नांव काय असावें याच प्रश्नाची चर्चा अधिक झाली, हेंही तितकेंच खरें. या जंतूवर जें थोडें चालतें त्यांत कोलिस्टिन हें एक जुनें औषध आहे. तें आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळलें जात होतें, आणि त्यावर बंदी येण्यास सन २०१९ चा जुलै महिना उजाडला. म्युन्स्टर व एन्स्खेडे येथल्या लोकांना जंतूच्या नांवासाठीं आधीं एक क्रमांक सांपडला होता, ही त्यांची मोठी सोय झाली असें आम्हांला वाटतें. क्रमांकाला अब्रू नसते.

सन २०२० च्या मार्चांत करोनाच्या सांथीनें डच इस्पितळांतील अतिदक्षता विभाग भरून गेले. तेव्हां जागा मिळेना म्हणून कित्येक अत्यवस्थ डच रुग्णांना हेलिकॉप्टरांतून व रुग्णवाहिकांतून सीमेपलीकडे जर्मन इस्पितळांत नेलें. कोणत्या गांवीं कोणती खाट मोकळी आहे याचा हिशेब म्युन्स्टरच्या विद्यापीठ-रुग्णालयांत ठेवला जात होता, आणि तेथील मंडळींना फोनच्या पलीकडच्या डच माणसांचीं नांवें बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतीं. जे बरे होऊन परतले त्यांच्यासाठींही जुना नियम रद्द झालेला नव्हता: परदेशी इस्पितळांतून आलेला रुग्ण, आधीं वेगळी खोली, मग नाकांतील नमुना.